गिरणीचा पट्टा

वैजूनं ओढणी काढून खुंटीला टांगली, वेणीचा घट्ट अंबाडा बांधला आणि गिरणीचं बटण दाबलं. उजवा हात प्लॅस्टरमध्ये घेऊन सगुणा दारातल्या स्टुलावर बसली होती. तिची नजर लेकीच्या हातांवरून हटत नव्हती.

नवरा गेल्यावर याच गिरणीवर तिनं घर चालवलं होतं, पण वैजूला कधी आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. सुटलेला पट्टा मोटार चालू असतानाच चढवायला गेला आणि नवरा त्यात ओढला गेला, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आता हात मोडला होता. गिरणी बंद राहिली असती, तर कोपऱ्यावरच्या नव्या गिरणीकडे गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नसतं.

पहिला डबा निम्मा दळून झाला आणि फटकन आवाज झाला. पट्टा निसटला होता. मोटार घरघरत होती आणि वैजू तिकडेच धावली. सगुणा स्टुलावरून धडपडत उठली.

वैजूनं आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. चाक पूर्ण थांबेपर्यंत ती हाताची घडी घालून उभी राहिली, मग तिनं सावकाश पट्टा चढवला.

“आई, रडतेस कशाला? मला कसली घाई आहे?” ती म्हणाली.

डाव्या हातानं डोळे पुसत सगुणा बाहेर ताटकळलेल्या बाईला म्हणाली, “आणा तुमचा डबा. लेक दळून देईल.”