जंतूचं बिऱ्हाड

प्लेट उजेडाकडे धरून सरांनी आधी एक डोळा मिटला, मग दोन्ही उघडून ओरडलेच, "अहो, जागचा हलला नाही! टोचला होता तिथेच बसलाय बेटा!"

मऊ जेलीच्या मधोमध मोहरीएवढा पांढरा ठिपका होता, बाकी सगळी प्लेट स्वच्छ. एरवी हाच जंतू एका रात्रीत पोहत पोहत काठाला भिडायचा आणि सगळी जेली धुरकट करून टाकायचा. त्याची ही गत केली होती सूनबाईच्या औषधानं. जंतूची शेपटी असते प्रथिनाची. त्या प्रथिनावर तो साखरेचे बारीक कण चिकटवतो, तेव्हा कुठे शेपटी धड उभी राहते आणि स्वारी पोहायला निघते. हे औषध ती साखर चिकटूच देत नव्हतं. शेपटी नाही, तर पोहणंही नाही.

प्रयोगशाळेत तिला सगळे सूनबाईच म्हणायचे, कारण हा जंतू तिच्या सासूबाईंच्या फुप्फुसातला होता. बाकीच्या सगळ्या औषधांना पुरून उरलेला. "परक्याच्या आईवर करून बघण्यापेक्षा माझ्यावर कर," सासूबाईच हटून बसल्या होत्या. "वाईट झालंच तर तुला शिव्या द्यायला निदान घरचं माणूस असेल." त्या अशाच. सुनेला टोमणा मारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली औषधाची गोळी उतरत नसे. परवापासून सुरू केलेली ही नवी गोळीही त्या तशीच घेत होत्या.

"जा, वर जाऊन सांगा त्यांना," सर म्हणाले. "आणि संध्याकाळी पार्टी तुमच्याकडून. कंजूसपणा चालायचा नाही!"

"एकदा मायक्रोस्कोपखाली बघते, मग जाते."

कणभर उचलावा म्हणून तिनं तारेचं टोक ठिपक्याला लावलं. कण काही सुटून येईना. तार वर नेली तसा ठिपक्यातून चिकट दोरा ओढला जायला लागला. बोटभर वर आला, तरी तुटेना. तिनं तार तशीच उजेडात धरली.

"सर, हे बघा."

"चिकट आहे जरा. असेना का! पळणं बंद करायचं होतं, ते झालं. आता कशाला नाट लावताय?"

पळणारा जंतू कधी ना कधी तरी औषधाच्या तावडीत सापडतो. ज्याला पळता येत नाही तो बसल्या जागी चिकट भिंती उभ्या करतो, आत पोराबाळांसकट बिऱ्हाड थाटतो, आणि त्या भिंतींपुढे मग कुठल्याच औषधाचा पाड लागत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आपला जंतू तसला नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आणि इथे तर ओसरी तिनंच आपल्या हातानं झाडून दिली होती.

ती जिने चढून वॉर्डात गेली. सासूबाई पलंगावर बसून चक्क केस विंचरत होत्या.

"आलीस? कालपासून एकदाही खोकला नाही बघ. ही शेजारची म्हणते, सून असावी तर अशी. मी म्हटलं, बाई, फार चढवू नका तिला, आधीच टेंभा आहे."

पलंगाखालचं थुंकीचं भांडं कोरडं ठणठणीत होतं.

"आई, जरा खोका."

"काय?"

"जोरात खोका. आतलं बाहेर येऊ दे."

"ऐकावं ते नवलच! इतके दिवस माझ्या खोकल्यानं घर डोक्यावर घेतलं होतं, आता गेला तर म्हणे खोका!"

"आई, पाया पडते तुमच्या. खोका ना."

तिचा आवाज फाटला. सासूबाईंच्या हातातला कंगवा थांबला. तो त्यांनी उशीवर ठेवला. श्वास ओढून त्यांनी जोर लावला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा तटतटल्या. बाहेर काहीच आलं नाही.

"येतच नाही गं," त्या ओशाळून म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती.

ती त्यांच्या मागे जाऊन बसली. नर्सनं शिकवलं होतं तसा हाताचा खोलगट पंजा केला आणि पाठीवर थाप मारली. आजवर या पाठीतून पोकळ, खुळखुळता आवाज यायचा. आज बद्द वाजलं, ठासून भरलेल्या पोत्यावर मारावं तसं. हात खाली सरकवला. बद्द. दुसऱ्या बाजूला मारली. तिथेही तेच. मी हे काय करून बसले, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून वाहायला लागले. बरं होतं, सासूबाईंची पाठ होती तिच्याकडे.

"हां, तिथेच," डोळे मिटून सासूबाई म्हणाल्या. "कसं बरं वाटतंय. थांबू नकोस."