आधी गाडी, मग रिमोट
"बंद करताना आधी गाडी, मग रिमोट," हा बाबांचा नियम तिला लहानपणापासून तोंडपाठ होता. उलट केलं की गाडी मोकाट सुटते. आज गच्चीवर बाबांनीच आधी रिमोट बंद केला. दोघांनी महिनाभर खपून जोडलेली गाडी सुसाट जाऊन कठड्यावर आदळली आणि पुढचं चाक निखळलं. बाबा हातातल्या रिमोटकडे नुसते बघत राहिले. परवा ते घर सताड उघडं टाकून बाजारात गेले होते. "माझ्या बडबडीमुळे झालं," ती म्हणाली. चाक बसवताना त्यांचा हात मात्र जराही अडखळला नाही. तिने तो नियम चिठ्ठीवर लिहून रिमोटला चिकटवला. "इतकी वर्षं सांगतोय, तरी तुला चिठ्ठी लागते?" "लागते ना, बाबा." बाबांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. "मग अक्षर जरा मोठं काढ," ते म्हणाले, "आणि एक चिठ्ठी दारावरही लाव."