पहिलं नाव

नेत्राने भिंग पहिल्या पानावर धरलं आणि प्रतिमाने नजर दुसरीकडे वळवली.

लायब्ररीकडून कुणी गोरी बाई येईल, असं प्रतिमाने धरलं होतं. आली ती इथे अमेरिकेतच जन्मलेली, पण दारातच "काकू" म्हणणारी नेत्रा. गोऱ्या बाईच्या नजरेतून जे सुटलं असतं, ते हिच्या नजरेतून सुटणार नव्हतं.

पुस्तक शेजारच्या डोरोथीचं. तळहाताएवढं, पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हाताने लिहिलेलं प्रार्थनेचं पुस्तक, पानोपानी सोन्याची वेलबुट्टी. ते ज्यांच्याकडे राहिलं त्या चौदा बायकांनी पहिल्या पानावर आपापली नावं लिहिलेली. शेवटचं डोरोथीचं, सगळ्यात वरचं अ‍ॅग्नेसचं. डोरोथीला मूलबाळ नव्हतं, म्हणून आता ते लायब्ररीला जायचं होतं. वॉकर जवळ ठेवून ती टेबलापलीकडे बसली होती.

"वरचं नाव कुठेय? इथे धुतल्यासारखं दिसतंय," नेत्रा मराठीत म्हणाली. "आणि हे लाल... काकू, कुंकू आहे ना?"

प्रतिमाने मान हलवली.

"दसऱ्याला पूजा केलीत? माझी आई पण करते. माझ्या कॅल्क्युलसच्या बुकला पण लावायची."

"ही डोरोथी खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलमध्ये होती गं. सांभाळायला माझ्याकडे दिलं होतं. देवाचं पुस्तक, म्हणून मुलांच्या पुस्तकांबरोबर सरस्वतीपुढे मांडलं, कुंकवाचं बोट टेकवलं. मग ही घरी येणार म्हटल्यावर धडकीच भरली. म्हणेल, काय हा अडाणीपणा! ओल्या कापसाने पुसायला गेले."

कापसावर आधी लाल उतरलं होतं, मग काळं.

"अहो, डाग चालला असता," नेत्रा हळूच म्हणाली. "यात मेणाचे डाग आहेत. मुके घेऊन घेऊन कुणी या संताचा चेहरा पार पुसट केलाय. आम्ही सगळं नोट करतो, काकू. कुंकू तर मी किती प्रेमाने लिहिलं असतं."

"काय झालं?" डोरोथीने इंग्रजीत विचारलं.

नेत्रा प्रतिमाकडे वळली. "वॉटर डॅमेज म्हणू का? तेही खोटं नाही."

प्रतिमाला मोह झाला. चांगलाच झाला. मग ती उठून डोरोथीजवळ जाऊन बसली आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत कापसापर्यंतचं सगळं सांगून मोकळी झाली.

डोरोथी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं.

"आई मला हे नाव बोटाने गिरवायला लावायची," ती म्हणाली. "लिहायला मी त्याच्यावरच शिकले."

मग नेत्राने कागद पुढे ओढला. हे पुस्तक कुणाकुणाच्या हातात होतं, त्याची यादी करायची होती.

"हिचंही लिही," डोरोथी म्हणाली. "हिच्याकडेही होतं."

"नको गं, माझं नाव नको," प्रतिमा कळवळून म्हणाली.

"लिहावं लागतं, काकू. कुणाकडे होतं आणि तिथे काय झालं, दोन्ही."

पानावरची नावं दिसतात तशीच उतरवायची होती, म्हणून पहिल्या ओळीत तिने लिहिलं, 'नाव पुसलेलं.' पंधराव्या ओळीत प्रतिमाचं नाव पूर्ण आलं, आडनावासकट. पुढे डब्लिन, ओहायो, २००६.