पुढचा भाग

"खिडकी!" डब्याचं झाकण आपटत इस्त्रीवाली म्हणाली. "मागच्या खोलीला खिडकी आहे म्हणालीस ना? मग उद्याच्या भागात सून तिथूनच पळणार. लिहून ठेवा."

शिवणखान्यातल्या बायकांनी माना डोलावल्या. जेवणाच्या सुटीत काल टीव्हीवरच्या मालिकेत काय पाहिलं ते एकेकीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची, असा तिथला शिरस्ता होता. त्यात शेवटचा शब्द इस्त्रीवालीचा. कोण मरणार, मेलेलं कोण परत येणार, हे तिला आधीच कळायचं. म्हणून तिचं नावच 'पुढचाभाग' पडलं होतं आणि त्या नावाचा तिला भारी अभिमान होता.

हल्ली मात्र सगळ्याजणी कान टवकारायच्या ते काज करणाऱ्या नव्या बाईकडे. तिची मालिका अंगावर काटा आणणारी होती. सासूनं सुनेला मागच्या खोलीत कोंडलंय. घर सुनेच्या नावावर, आणि ते लिहून देईपर्यंत तिला सोडायची नाही.

"पण तिचे गुडघे दुखतात," काजवाली हळूच म्हणाली. "खिडकीवर चढेल कशी?"

"ऐन पंचविशीत गुडघे?" कॉलरवाली फिसकन हसली. "सून आहे का आजेसासू?"

"मागं एकदा पडली होती ना ती." काजवालीनं अर्धा डबा तसाच बंद करून पिशवीत टाकला. रोजच टाकायची. "ताई, खरंच पळेल?"

"गज गंजलेत म्हणालीस. एक दणका बास."

दुसऱ्या दिवशी काजवालीनं सांगितलं, सासूनं खिडकीला फळ्या ठोकल्या.

इस्त्रीवालीचं तोंड उतरलं. काजवालीच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं तिनं पाहिलं, पण डोक्यात मालिकाच होती. "दारात चेंगरलं," असं काजवाली म्हणाली, आणि लगेच तिचा रोजचा प्रश्न आला. "ताई, आता ती काय करेल?"

"दूधवाला येतो की! त्याला हाक मारेल."

सासूनं दूध बंद केलं.

"मग थाळी बडवेल. कुणीतरी ऐकेलच."

सासूनं थाळी काढून घेतली. सुनेला आता कागदावर जेवायला मिळतं.

"मेला लेखक माझ्याच डोक्यात बसलाय की काय!" इस्त्रीवाली चिडली. आयुष्यात ती सलग एवढी कधी चुकली नव्हती. घरी जाऊन तिनं सगळी चॅनेल पालथी घातली. अशी मालिका कुठेच नव्हती.

"केबलवाला वेगळा असेल तिचा," ती कॉलरवालीला म्हणाली.

"कसला केबलवाला? परवा तिची विसरलेली छत्री द्यायला गेले होते. बयेनं दारातूनच बोळवण केली. पण दारातून दिसलं, घरात टीव्हीच नाही."

इस्त्री शर्टावरच राहिली. जळका वास आला तेव्हा इस्त्रीवाली भानावर आली.

टीव्ही नाही. मालिका नाही. काळं नख आहे, मनगटावर ओरखडे आहेत, संध्याकाळी घंटा झाली की घराकडे धाव आहे. दिवसा पगारासाठी सोडत असतील आणि रात्री कोंडत असतील. आणि आपण इथे तोंडाला येईल ते बरळत होतो! बिचारी घरी जाऊन तेच करून बघत होती आणि दरवेळी पकडली जात होती. इस्त्रीवालीला स्वतःची लाज वाटली. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर ते पाप आपल्याच माथी होतं.

तिनं काजवालीला इस्त्रीच्या टेबलामागे ओढलं. "मला सगळं कळलंय. ही मालिका नाही."

काजवालीचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली कात्री खाली पडली.

"आणखी कुणाला कळलंय?"

"कुणालाही नाही. घाबरू नकोस गं. आपण पोलिसांत जाऊ."

"नको, ताई! पाया पडते. घर जाईल." तिनं वाकून कात्री उचलली. मग म्हणाली, "सुटीच्या दिवशी दुपारी याल? सासूबाई बाहेर जातात तेव्हा. मागच्या खोलीत माझी पेटी आहे, ती एकटीला उचलत नाही. ती घेतली की मी सुटले. पण एकट्याच या. घरीसुद्धा सांगू नका."

"सांगते कशाला? कानोकान खबर लागणार नाही."

सुटीच्या दिवशी भाजी आणायला जाते म्हणून इस्त्रीवाली घराबाहेर पडली. घर गल्लीच्या टोकाला होतं, दोन्ही बाजूंना बंद गोदामं. म्हातारी मध्येच परत आली तर? येऊ दे, आज तिलाच सरळ करते, असं ती मनाशी घोकत होती.

काजवाली दारातच उभी होती. "लवकर, ताई." मागच्या खोलीपाशी तिनं गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढला. तिथे ताईत असेल असं इस्त्रीवालीला नेहमी वाटायचं. दोऱ्याला किल्ली होती. किल्ली हिच्याच गळ्यात कशी, हे मनात येईपर्यंत कुलूप निघालं होतं आणि इस्त्रीवाली आत शिरली होती.

खिडकीला फळ्या होत्या. जमिनीवर कागद आणि त्यावर कालच्या डब्यातलं उरलेलं. पेटी कुठेच नव्हती. अंथरुणावर एक म्हातारी सुजलेले गुडघे चोळत बसली होती. तिनं इस्त्रीवालीचा हात नखं रुतेपर्यंत घट्ट धरला.

"मला बाहेर काढ गं बाई! खिडकी झाली, दूधवाला झाला, थाळी झाली. माझ्या मनात यायच्या आत सुनेला सगळं कळतं. कोण सांगतं गं तिला?"

मागे दार लागलं. कुलपात किल्ली फिरली आणि बाहेरून तोच रोजचा हळू आवाज आला.

"ताई, आता त्या दोघी काय करतील?"