बदामाच्या पिठाचा पाव

तीन महिने ती रोज पहाटे उठून वडिलांसाठी गव्हाऐवजी बदामाच्या पिठाचा पाव भाजत होती, आणि तरी त्यांची साखर वाढलेलीच आली. महिनाभरात उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी येताच तिने रिपोर्ट टेबलावर आपटला.

"बाबा, बाहेर काय खाता ते आज खरं सांगा. मी इथे मरमर राबतेय आणि तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकताय."

"बाहेर काहीच नाही," एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला.

चाळीस वर्षं बेकरीची भट्टी सांभाळलेल्या माणसावर तिचा काडीचा विश्वास बसला नाही. तिने त्यांच्या कोटाचे खिसे उलटे केले, संध्याकाळचं फिरणं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी तणतणतच पीठ मळायला घेतलं.

आत्या ओट्याशी उभी राहून बघत होती. "हे मूठमूठ पांढरं काय टाकतेस गं?"

"मैदा. बदामाचं पीठ हाताला नुसतं चिकटतं. तीन-चार मुठी टाकल्या की गोळा कसा..." तिचा हात डब्यातच थांबला.

बाबा दारात उभे होते.

"तुम्ही रोज इथेच उभे असता," ती संतापून म्हणाली. "बेकरीवाले तुम्ही. एका शब्दाने बोलला नाहीत?"

 

"बोललो असतो, तर नुसत्या बदामाचा पाव गिळावा लागला असता."