धुण्याचा दगड

वडनेरचा रस्ता रुंद होणार म्हणून आमच्या वस्तीची विहीर बुजवणार होते. ती सत्तावन्न साली वस्तीतल्याच सात जणांनी खोदली होती. त्यांच्या नावांचा दगड सापडला तर विहीर वारसायादीत जाईल, असं पाहणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या. ते ऐकून माझ्या सासूबाई अंगणातलं धुणं टाकून उठल्या. ज्यावर कपडे आपटत होत्या त्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हाच असन. कठडा पडला तवा माह्या सासूनं विहिरीवरून आणून इथं लावला होता.” मॅडमनी वाकून हात फिरवला. दगड गुळगुळीत होता, एक रेघही हाताला लागेना. सासूबाई मटकन खाली बसल्या. “चाळीस वर्षं मी त्यायची नावं पुसून राह्यली व. मामाजीचं बी पुसलं.” त्यांचे सासरे त्या सातांतलेच. “उलटवून तर बघू,” मॅडम म्हणाल्या. मी लोखंडी सब्बल आणली, शेजारणीला हाक मारली, चौघींनी मिळून दगड उलटवला आणि मी त्यावर बादली ओतली. चिखल वाहून गेला. खालच्या बाजूला सातही नावं जशीच्या तशी होती. सासूबाई रडता रडता हसू लागल्या. “बुढीले वाचता येत नव्हतं, पर लिहेलवर कोणाचा पाय पडू देत नव्हती. म्हणून पालथा लावला तिनं.” मॅडम एकेक नाव मोठ्यानं वाचू लागल्या. तिसरं नाव आलं, नत्थू लहानू, आणि मामाजीच दारात येऊन उभे राहिल्यासारखा सासूबाईंनी झटकन ओला पदर डोक्यावर घेतला.