जाड तेलाची डबी

ऑस्ट्रेलियातल्या कोबार गावात माझं बंदुकांचं दुकान आहे. जवळच मेंढ्या पाळणारा क्लाइव्ह हॅड्रिक या उन्हाळ्यात दर शुक्रवारी यायचा. चार वर्षं धड पाऊस नाही. खायला काही न उरल्याने त्याच्या ज्या मेंढ्यांना उठताही येत नव्हतं, त्यांना तो रोज स्वतः गोळी घालून सोडवायचा. मग रायफलच्या नळीतली काजळी काढायचं औषध आणि पातळ तेल संपायचं.

"दोन-दोन बाटल्या दे, डोरीन. एक आठवडाभर पुरत नाही," एवढंच बोलायचा, तेही माझ्याकडे न बघता.

काल मात्र त्याने पातळ तेलाची बाटली मागे सारली.

"हे नको. रायफल वर्षभर कपाटात पडून राहिली तरी गंज चढणार नाही, असं काहीतरी दे."

मी खूश होऊन जाड तेलाची डबी काढली. "अरे, म्हणजे तुमच्या बाजूला पाऊस झाला की काय? मग तोंड पाडून काय उभा राहिलायस!"

त्याने डबी खिशात टाकली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.


"पाऊस नाही गं. मेंढ्या संपल्या."